फ्युसेलीचे ‘लेडी मॅकबेथ खंजीर हिसकावून घेताना’: प्रयोग, संहिता आणि चित्र

तुमचा प्रश्न लंडनच्या टेट संग्रहातील हेन्री फ्युसेली याच्या १८१२ मधील चित्राविषयी आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात राजाचा खून करून आलेल्या नवऱ्याच्या हातातून रक्ताळलेले खंजीर घेण्यासाठी लेडी मॅकबेथ पुढे झेपावते, तो हा प्रसंग. हे चित्र चित्रकाराने नाटक वाचून काढले की प्रयोग पाहून, ते इतके अर्धवट का दिसते, आणि १७४१ मध्ये जन्मलेल्या माणसाला स्वच्छंदतावादी (रोमँटिक) चित्रकारांत का गणायचे, असे तुम्ही विचारले आहे. मी अनेक वर्षे नेपथ्य आणि प्रकाशयोजनेचे काम केले आहे आणि विद्यार्थ्यांना चित्रकलेचा इतिहासही शिकवला आहे. या दोन्ही कामांमुळे मी या चित्राकडे पुन्हा पुन्हा वळलो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोठे आहे, कारण बाकीची दोन त्यातूनच निघतात.

आधी चित्रात काय आहे ते पाहू. कॅनव्हास साधारण सव्वातीन फूट उंच आणि चार फुटांहून थोडा अधिक रुंद आहे, म्हणजे आडवा आहे, आणि आकृत्या माणसाच्या प्रत्यक्ष उंचीपेक्षा लहान आहेत. डावीकडे मॅकबेथ नुकताच दारातून बाहेर आलेला दिसतो. त्याच्या दोन्ही हातांत खंजीर आहेत आणि त्याचे शरीर जागच्या जागी गोठल्यासारखे आहे. उजवीकडून लेडी मॅकबेथ त्याच्याकडे झुकली आहे. तिचे एक बोट ओठांवर आहे आणि दुसरा हात पुढे आला आहे. या दोघांखेरीज चित्रात जवळजवळ काहीच नाही. सगळे तपकिरी, राखाडी आणि मळकट पांढऱ्या रंगांत आहे, आणि त्या फिक्या रंगांमध्ये रक्ताचा लाल तेवढा उठून दिसतो. राजवाड्याचे खांब, भिंतीवरची मशाल, राजाच्या खोलीची शय्या यांपैकी काहीही चित्रकाराने दाखवलेले नाही.

आता प्रयोगाविषयी. फ्युसेली मूळचा झुरिकचा. चित्रकार वडिलांच्या पोटी जन्मलेल्या या मुलाने धर्मोपदेशकाचे शिक्षण घेतले आणि १७६१ मध्ये त्याला दीक्षाही मिळाली. त्याचे गुरू बोडमर यांनी त्याला होमर, दान्ते, मिल्टन आणि शेक्सपिअर यांची गोडी लावली, आणि तरुणपणीच त्याने ‘मॅकबेथ’चे जर्मन भाषांतर करायला घेतले होते. एका भ्रष्ट अधिकाऱ्याविरुद्ध मित्र लाव्हाटर याच्यासोबत उघडपणे आवाज उठवल्यामुळे त्याला गाव सोडावे लागले, आणि १७६४ मध्ये तो लंडनला पोहोचला. तिथे ड्रुरी लेन नाट्यगृहात डेव्हिड गॅरिक आणि हॅना प्रिचर्ड हे दोघे मॅकबेथ आणि लेडी मॅकबेथ यांच्या भूमिका करत होते. भाषांतराच्या निमित्ताने ज्या नाटकाशी त्याने झटापट केली होती, ते नाटक त्याने तिथे त्या काळातल्या सर्वांत गाजलेल्या जोडीकडून पाहिले. १७६६ च्या सुमारास त्याने याच प्रवेशाचे एक छोटे जलरंगचित्र काढले, जे आज झुरिकच्या कुन्स्टहाउस संग्रहात आहे. त्यात दोघेही अठराव्या शतकातल्या पोशाखात आहेत, कारण गॅरिकच्या काळी मॅकबेथ स्कॉटिश वेशात उभा राहत नसे. ती प्रथा चार्ल्स मॅक्लिन याने १७७३ च्या आपल्या प्रयोगात रुळवायला सुरुवात केली. प्रिचर्डबाईंच्या झग्याचा रुंद घेर त्या जलरंगात बरीच जागा व्यापतो. याच जोडीला याच नाटकात रंगवणारा दुसरा चित्रकार म्हणजे जोहान झोफनी. झोफनी पुढे हिंदुस्थानात आला आणि लखनौ, कलकत्ता येथे त्याने अनेक चित्रे काढली. त्याच्या चित्रातही कपडे त्या काळातलेच आहेत, आणि पाहणाऱ्याला आपण नटांची तसबीर पाहत आहोत याची सतत जाणीव राहते.

त्या प्रयोगाचे सामर्थ्य नेमके कशात होते, हे गॅरिकचा चरित्रकार टॉमस डेव्हिस याने लिहून ठेवले आहे. नटांचे बोलणे कानावर पडत असे, परंतु त्यांच्या मनातली खळबळ शब्दांपेक्षा हालचालींतून आणि देहबोलीतून अधिक कळत असे, असे तो सांगतो, आणि रक्ताळलेले हात दाखवताना गॅरिकच्या चेहऱ्यावर उमटणारी भीती ज्यांनी पाहिली तेच तिचे वर्णन करू शकतील, असेही म्हणतो. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. हा प्रवेश संहितेत कुजबुजीचा आहे. ‘केव्हा?’, ‘आत्ता’, ‘मी खाली उतरत असताना?’, ‘हो’ अशा तुटक शब्दांचा तो खेळ आहे. फ्युसेलीने त्यातून काय उचलले हे पाहायचे असेल तर लेडी मॅकबेथच्या ओठांवरचे बोट पाहावे. नाटकाच्या संहितेत अशी सूचना नाही. चित्राला आवाज नसतो, म्हणून संपूर्ण प्रवेशातली कुजबुज त्याने त्या एका बोटात आणून ठेवली.

तरीही हे चित्र प्रयोगाची आठवण आहे असे म्हणून थांबता येत नाही, आणि इथे मला नेपथ्याच्या अनुभवातून काही सांगायचे आहे. अठराव्या शतकातील नाट्यगृहात अंधार नव्हता. प्रेक्षागृह आणि रंगमंच दोन्हीकडे मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे जळत असत. गॅरिकने १७६५ च्या सुमारास रंगमंचावर लटकणारी झुंबरे काढून बाजूच्या दिव्यांवर भर दिला, ही मोठीच सुधारणा होती. पण तिने दृश्य उजळ आणि नेटके झाले, काळोखे झाले नाही. प्रेक्षक एकमेकांचे चेहरे पाहू शकत होते आणि मध्यरात्रीचा खून भर उजेडात घडत असे. रात्र नटाच्या आवाजात आणि प्रेक्षकाच्या कल्पनेत असे. फ्युसेलीच्या चित्रात मात्र काळोख हाच मुख्य पदार्थ आहे, आणि आकृत्यांवर पडणारा प्रकाश कोणत्याही दिव्याचा वाटत नाही. तो त्यांच्या अंगातूनच निघाल्यासारखा आहे. दिवे प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवता आले तरी असा काळोख त्या काळच्या रंगमंचावर शक्य नव्हता. म्हणजे हा काळोख ड्रुरी लेनमधला नाही. तो घुबडाच्या चीत्काराचा आणि रातकिड्यांच्या आवाजाचा, संहितेतला काळोख आहे.

पण चित्र संहितेचेही आज्ञाधारक चित्रण नाही. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश समोर ठेवून पाहा. मॅकबेथ बाहेर येतो, काम झाल्याचे सांगतो, आपल्या हातांकडे पाहून हळहळतो, झोपेतून मध्येच जागे झालेल्या दोघांनी उच्चारलेल्या प्रार्थनेला आपल्याला ‘आमेन’ म्हणता आले नाही हे सांगतो, आणि ‘यापुढे झोप नाही’ अशी हाक ऐकू आल्याचे सांगतो. हे सगळे होईपर्यंत लेडी मॅकबेथला त्याच्या हातातल्या खंजिरांचे भान नसते, किंवा निदान ती त्यांचा उल्लेख करत नाही. त्याच्या प्रवेशानंतर सुमारे चाळीस ओळी गेल्यावर ती खंजीर मागते. फ्युसेलीने या चाळीस ओळी काढून टाकल्या. त्याचा मॅकबेथ अजून दारातच आहे, पुरता बाहेरही आलेला नाही, आणि तिचा हात खंजिरांपर्यंत येऊन पोहोचलेला आहे. प्रवेशाचा आरंभ आणि कळस त्याने एकमेकांत मिसळले. परिणाम असा की तिच्या मनात विचाराला जागाच उरत नाही; ती दारापाशी जणू याच हालचालीसाठी उभी होती. नाटकातली लेडी मॅकबेथ या प्रवेशाच्या आरंभी घाबरलेलीही आहे, झोपेतला राजा आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच ते केले असते असे ती स्वतःशी म्हणते. ती दुबळी बाजू चित्रात उरलेली नाही. हे चित्रकाराने गमावले असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. मला मात्र ही निवड योग्य वाटते, कारण दोन देहांमधला तो भेद, एक गोठलेला आणि एक झेपावणारा, तिच्या मनातली चलबिचल दाखवली असती तर विरघळून गेला असता.

ही निवड अपघाताने झालेली नाही. फ्युसेली १७९९ मध्ये रॉयल अकॅडमीत, म्हणजे लंडनमधल्या चित्रकारांच्या संस्थेत, चित्रकलेचा प्राध्यापक झाला, आणि तिथल्या व्याख्यानांत त्याने चित्रकाराने कोणता क्षण निवडावा याची चर्चा केली आहे. मधला, ताणलेला, निर्णायक क्षण हाच महत्त्वाचा, कारण त्याच्या पोटात घडून गेलेले आणि घडणार असलेले दोन्ही असते, असे त्याचे म्हणणे आहे. जर्मन लेखक लेसिंगने १७६६ मध्ये काव्य आणि चित्र यांच्या मर्यादांबद्दल जे लिहिले, त्याच्याशी हे म्हणणे जवळचे आहे, आणि जर्मन भाषेत वाढलेल्या फ्युसेलीला तो वाद चांगला ठाऊक होता. या चित्रात घडून गेलेले दाराच्या मागे आहे आणि घडणार असलेले तिच्या पुढे आलेल्या हातात आहे, कारण तेच खंजीर घेऊन ती आत जाणार आणि झोपलेल्या पहारेकऱ्यांना रक्त फासणार. खून नाटकातही पडद्याआडच होतो. फ्युसेली तो दाखवण्याच्या मोहात पडला नाही.

याच प्रवेशात एक ओळ अशी आहे की चित्रकाराने ती वाचली आणि विसरून गेला, हे मला संभवनीय वाटत नाही. खंजीर मागताना लेडी मॅकबेथ नवऱ्याला सुनावते की झोपलेले आणि मेलेले म्हणजे नुसती चित्रे आहेत, आणि रंगवलेल्या सैतानाला लहान मुलाचेच डोळे घाबरतात. चित्राला घाबरण्यासारखे काही नसते, असा तिचा दावा आहे. ज्याने १७८१ मध्ये ‘दुःस्वप्न’ हे चित्र काढून लंडनच्या प्रदर्शनाला हादरवले होते, त्या माणसाने हा दावा ज्या क्षणी केला जातो नेमका तोच क्षण रंगवायला घेतला. त्याच्या चित्रात मॅकबेथच सैतान पाहिल्यासारखा उभा आहे, आणि प्रेक्षकही त्याच्यासोबत ते पाहतो. मी या चित्राला शेक्सपिअरला दिलेले उत्तर मानतो, आणि याबाबत माझे मत ठाम आहे.

जलरंगापासून या तैलचित्रापर्यंत सुमारे ४५ वर्षे गेली. मधल्या काळात फ्युसेली आठ वर्षे इटलीत राहिला, सिस्टिन चॅपेलच्या छताखाली मायकेलँजेलोचे देह पाहत बसला, आणि शेक्सपिअरच्या नाटकांवर तसेच एखादे छत रंगवण्याच्या कल्पनेची रेखाटनेही त्याने केली. त्यानंतरच्या त्याच्या आकृत्यांत स्नायू ताणलेले, हातपाय लांबवलेले, आणि शरीराची प्रत्येक हालचाल तिच्या टोकाला नेलेली दिसते. १७८४ मध्ये त्याने लेडी मॅकबेथचा झोपेत चालण्याचा प्रवेश रंगवला, तो आज लूव्हर संग्रहालयात आहे. ते चित्र उभे आहे, सव्वासात फूट उंच, आणि त्यात पिवळ्या-सोनेरी वस्त्रातली लेडी मॅकबेथ मोठे पाऊल टाकत थेट आपल्याकडे येते. डॉक्टर आणि दासी मागे अंधारात आहेत. नाटकात तिच्या हातात मेणबत्ती आहे. फ्युसेलीने तिला मशालीसारखी पेटती ज्योत दिली. हे चित्र प्रदर्शित झाल्यानंतर काही महिन्यांनी, २ फेब्रुवारी १७८५ रोजी, सॅरा सिडन्स ड्रुरी लेनवर लेडी मॅकबेथ म्हणून प्रथम उभी राहिली आणि तिने हात धुण्याचा अभिनय करण्यासाठी हातातली मेणबत्ती खाली ठेवली. प्रिचर्डबाई ती सोडत नसत, म्हणून नाट्यगृहाचा चालक शेरिडन या बदलाला घाबरला होता. लोकांना हा बदल आवडला. नटीला हात मोकळे हवे होते, चित्रकाराला ज्योत हवी होती. प्रत्येकाने आपल्या माध्यमाला लागणारी वस्तू ठेवली आणि दुसरी सोडली, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

१८१२ चे चित्र याहून पुढे गेलेले आहे, कारण त्यात ज्योतही नाही आणि सोनेरी वस्त्रही नाही. आणि इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो. होय, ते अर्धवट दिसते. रंगाचे थर पातळ आहेत, कडा जागोजागी सुटलेल्या आहेत, मॅकबेथच्या अंगावर कपडा कुठे संपतो आणि देह कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही, आणि पांढऱ्या फटकाऱ्यांनी उमटवलेले स्नायू कातडी काढलेल्या शरीररचनेच्या आकृतीसारखे वाटतात. याचे थोडे श्रेय, किंवा थोडा दोष, त्याच्या कामाच्या पद्धतीकडे जातो. फ्युसेली तैलरंगांकडे उशिरा वळला, आणि रंगांच्या बाबतीत तो बेफिकीर होता, असे त्याच्या समकालीनांनी नोंदवले आहे: तेलात बुडवलेला कुंचला कोरड्या रंगांच्या भुकटीत फिरवून हाताला येईल तो रंग तो वापरत असे. त्यामुळे त्याच्या कितीतरी चित्रांची आज वाईट अवस्था आहे. पण केवळ हयगयीने हे चित्र असे झाले, हे मला मान्य नाही. त्याने ते बहुधा १८१२ च्या रॉयल अकॅडमी प्रदर्शनात मांडले, म्हणजे त्याच्या दृष्टीने ते लोकांसमोर ठेवण्याइतके पूर्ण होते, आणि तेव्हा तो त्या संस्थेत प्राध्यापक होता. अपुरे काम लोकांसमोर ठेवले तर काय बोलले जाईल हे त्याला कळत होते.

माझ्या वाचनानुसार त्याने चित्र पूर्ण करताना एकामागून एक गोष्टी काढून टाकल्या. जलरंगात दोन नट होते, त्यांचे ओळखू येणारे पोशाख होते. तैलचित्रात गॅरिकही उरला नाही आणि प्रिचर्डही नाही. दोघेही तोवर केव्हाच वारले होते, प्रिचर्ड १७६८ मध्ये आणि गॅरिक १७७९ मध्ये. काळ ओळखू येईल असे वस्त्र नाही, स्थळ ओळखू येईल अशी भिंत नाही. नेपथ्यकाराने रंगमंचावर ठेवलेली प्रत्येक वस्तू शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला सांगते की आपण कुठे आहोत. फ्युसेलीला ते सांगायचे नव्हते. प्रकाशक जॉन बॉयडेल याच्या शेक्सपिअर गॅलरीसाठी १७८९ पासून त्याने चित्रे दिली होती, आणि तिथे चित्रांवरून कोरीव छपाईच्या प्रती काढून विकायच्या असल्यामुळे प्रसंग ओळखता येणे आवश्यक होते. बॉयडेलचा तो मोठा उद्योग पुढे कर्जात बुडाला आणि चित्रांची सोडत काढावी लागली. फ्युसेलीने स्वतःच्या हिमतीवर १७९९ मध्ये उघडलेली मिल्टन गॅलरीही चालली नाही. १८१२ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या चित्रकारावर प्रसंग समजावून सांगण्याचे कसलेही बंधन उरलेले नव्हते, आणि ते या चित्रात जाणवते.

त्या वर्षीच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे लेडी मॅकबेथ म्हणजे सिडन्सच होती. त्याच वर्षी २९ जूनला कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात तिने याच भूमिकेत निरोप घेतला, आणि झोपेत चालण्याचा प्रवेश संपल्यावर प्रेक्षकांनी नाटक पुढे चालूच दिले नाही. सिडन्सचा भारदस्त, शिल्पासारखा डौल ज्यांच्या मनात ठसलेला होता, त्यांना फ्युसेलीची ही पातळ, वाऱ्यासारखी आत शिरणारी बाई किती परकी वाटली असेल याचा विचार करून पाहा.

तुम्ही चित्रावर लिहिणार असाल तर दोन सूचना करतो. संगणकावर मिळणाऱ्या प्रतिमांत या चित्राचे रंग फार वेगवेगळे दिसतात, काहींत ते हिरवट तर काहींत जवळजवळ कृष्णधवल. म्हणून टेटच्या अधिकृत प्रतिमेवरच विसंबा आणि रंगांविषयी मोठे विधान करू नका. आणि प्रवेश मूळ इंग्रजीत वाचायला जड जात असेल तर वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ हाताशी ठेवा. तो प्रवेश एकदा मोठ्याने वाचून काढा, म्हणजे फ्युसेलीने कोणत्या चाळीस ओळी गिळून टाकल्या आहेत ते लगेच लक्षात येईल.

राहिला प्रश्न स्वच्छंदतावादाचा. जन्मसाल पाहून कप्पे पाडले तर फ्युसेली रॉयल अकॅडमीचा पहिला अध्यक्ष रेनॉल्ड्स याच्या शिष्यवर्गात जाऊन बसतो, आणि रेनॉल्ड्सनेच त्याला चित्रकार होण्याचा सल्ला दिला होता हेही खरे. परंतु माणसाच्या आतल्या भयाला बाहेरच्या जगापेक्षा अधिक खरे मानणे, आणि त्यासाठी प्रमाणबद्धता, रंगांची संगती आणि नीटनेटकी पूर्तता या तिन्हींचा त्याग करायला तयार असणे, ही वृत्ती पुढच्या पिढीची आहे. १८१२ च्या त्याच प्रदर्शनात टर्नरने आल्प्स ओलांडणाऱ्या हॅनिबलच्या सैन्यावर कोसळणारे हिमवादळ मांडले होते, ज्यात हॅनिबल शोधूनही सापडत नाही. कॉन्स्टेबल, एटी, हेडन हे अकॅडमीत फ्युसेलीच्या हाताखाली शिकले. त्या वर्षी चौदा वर्षांचा असलेला फ्रेंच चित्रकार देलाक्रवा पुढे १८२५ मध्ये लंडनला जाऊन शेक्सपिअरचे प्रयोग पाहून आला, आणि १८३४ ते १८४३ या काळात त्याने ‘हॅम्लेट’वर शिळामुद्रणांची (लिथोग्राफची) मालिका केली. तिच्यातही पोशाख, मुद्रा आणि प्रवेशांची मांडणी यांवर नाटकाचा ठसा स्पष्ट दिसतो. रंगमंचाची खूण इतकी पुसून टाकण्याचे धाडस, माझ्या मते, देलाक्रवानेही केले नाही.